चालावे की वजन उचलावे : वेंगुर्ल्यातील एक प्रकरण

वेंगुर्ल्यातील एका पतसंस्थेत रोखपाल असलेल्या ५२ वर्षांच्या एक बाई गणेशचतुर्थी आटोपल्यावर गुडघ्याच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आल्या. पाखाडी, म्हणजे चढावरची पायऱ्यांची वाट, चढताना त्यांना फारसा त्रास होत नसे, उतरताना मात्र उजवा गुडघा दुखत असे. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे काम तेवढ्यावरच थांबले असते, पण तपासणी चालू असतानाच त्यांनी विचारले, “मी चलू काय वजनां उचलू, तां एकदा नीट सांगा.” या प्रश्नामागे दोन सल्ले होते. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी त्यांना वजन कमी करण्यासाठी रोज पाऊण तास चालायला सांगितले होते. पुण्यात नोकरी करणारा मुलगा चतुर्थीला घरी आला, तेव्हा त्याने चालणे सोडून वजने उचलायला सांगितले. स्नायू वाढले की बसल्या जागी चरबी जळते, चालून काही होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोघेही त्यांच्या भल्याचेच सांगत होते, म्हणून त्यांची अडचण अधिकच वाढली होती.

त्यांची उंची १५३ सेंटिमीटर, वजन ७१.२ किलो आणि कंबर ९६ सेंटिमीटर होती. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, ३०.४ येत होता. भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो, आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा असते. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातील सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ होते; म्हणजे मधुमेह नव्हता, पण ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व टप्प्याच्या बरोबर मध्यावर त्या होत्या. पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. रक्तदाब ठीक होता, कोणतीही गोळी चालू नव्हती.

मला सर्वांत बोलका वाटला तो आकडा वेगळाच होता. हात छातीशी घेऊन, साध्या खुर्चीवरून ३० सेकंदांत जितक्या वेळा उठता येईल तितके उठण्याची एक चाचणी असते. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बायकांमध्येसुद्धा १२ च्या खालचा आकडा कमी मानला जातो. या बाई बावन्नाव्या वर्षी ९ वेळा उठल्या, आणि शेवटच्या दोन वेळा त्यांना मांडीला हात टेकण्याचा मोह आवरावा लागला. गुडघा उतारावर का दुखतो याचे बरेचसे उत्तर या चाचणीत होते, कारण उतरताना शरीराचा भार सावकाश खाली सोडण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावे लागते. वजनाच्या प्रश्नाचे उत्तरही काही अंशी येथेच होते, पण ते दिसण्यासाठी मागची दोन वर्षे नीट पाहावी लागली.

डॉक्टरांचा सल्ला त्यांनी मनापासून पाळला होता. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, आठवड्यातून सहा दिवस, त्या पहाटे बंदराच्या रस्त्याने किंवा सागरेश्वरच्या किनाऱ्याने पाऊण तास चालत. पहिल्या वर्षी त्यांचे वजन सुमारे ३ किलोंनी उतरले. जूनमध्ये पाऊस लागला, चालणे बंद पडले आणि चतुर्थीपर्यंत वजन जिथल्या तिथे आले. दुसऱ्या वर्षीही हेच झाले. आपल्यात चिकाटी नाही असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला होता, आणि तो मला अजिबात मान्य नव्हता. जो माणूस आठ महिने पहाटे उठून चालतो त्याच्या चिकाटीवर शंका घेण्याचे कारण नाही. चालण्यातून जेवढे अपेक्षित होते तेवढे त्यांना मिळालेच होते, हे साध्या गणिताने दाखवता येते.

ताशी पाच किलोमीटरच्या चालीने ७१ किलो वजनाच्या व्यक्तीचे पाऊण तासात सुमारे १८५ कॅलरी खर्च होतात. त्यातल्या पन्नास-एक कॅलरी ती व्यक्ती त्या वेळात नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. उरतात सुमारे १३० कॅलरी, म्हणजे साखरेचा एक कप चहा आणि त्यासोबतची तीन-चार बिस्किटे. आठवड्याला सहा दिवस धरले तर ८०० च्या आसपास. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा आहार जसाच्या तसा राहिला तर एक किलो उतरायला नऊ-दहा आठवडे लागतात. आठ महिन्यांत ३ किलो हे या हिशेबाशी जुळणारे फळ आहे. त्यांना ते अपयश वाटले, कारण चालण्याने किती वजन उतरेल हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

आता मुलाचे म्हणणे पाहू. स्नायू विश्रांतीतही चरबीपेक्षा अधिक ऊर्जा खर्च करतात हे खरे आहे, पण किती अधिक, हा मुद्दा आहे. एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी चार-पाच. पन्नाशीतल्या बाईने वर्षभर मेहनत करून एक किलो स्नायू कमावला, आणि ती काही लहान कमाई नव्हे, तरी त्यातून दिवसाला मिळणारा फायदा जेमतेम अर्ध्या बिस्किटाएवढा होतो. बसल्या जागी चरबी जळण्याची जी कल्पना जिममध्ये आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

संशोधनही हेच सांगते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जास्त वजनाच्या ११९ प्रौढांचे तीन गट होते : कार्डिओ (चालणे-धावणे यांसारखे दम वाढवणारे व्यायाम), स्ट्रेंथ ट्रेनिंग (वजने उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम) आणि दोन्ही एकत्र. आहार मुद्दाम बदलला नव्हता. आठ महिन्यांनंतर केवळ कार्डिओ करणाऱ्यांचे वजन सरासरी पावणेदोन किलोंनी उतरले; केवळ वजने उचलणाऱ्यांचे सुमारे ८०० ग्रॅमनी वाढले, कारण त्यांचा स्नायू किलोभर वाढला आणि चरबी जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे काट्यापुरते बोलायचे तर डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता आणि मुलाचा चूक.

एवढ्यावर निर्णय दिला असता तर तो घाईचा ठरला असता. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या १६० लठ्ठ व्यक्तींचे चार गट होते; त्यांतल्या तीन गटांना सहा महिने आहारनियंत्रणासह व्यायाम दिला होता, चौथ्याला यातले काहीच नव्हते. तिन्ही व्यायामगटांत वजन सारखेच, सुमारे ९ टक्के, उतरले. पण जे गेले त्यात काय होते, यात फरक पडला. केवळ कार्डिओ करणाऱ्यांच्या शरीरातील चरबीविरहित भाग ५ टक्क्यांनी घटला, वजने उचलणाऱ्यांचा २ टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. उठणे, चालणे, जिना चढणे अशा दैनंदिन हालचालींच्या चाचणीत दोन्ही करणाऱ्यांची सुधारणा २१ टक्के होती, इतर दोन गटांची प्रत्येकी १४ टक्के. या बाई त्या लोकांपेक्षा तरुण होत्या हे खरे, पण त्यांचा प्रश्न पहिल्या अभ्यासापेक्षा या दुसऱ्या अभ्यासाच्या अधिक जवळचा आहे असे माझे मत झाले. आहारात बदल केल्याशिवाय त्यांचे वजन पुरेसे उतरणार नव्हते, आणि आहार कमी केला की चरबीबरोबर स्नायू जाण्याचा धोका उभा राहतो. स्ट्रेंथ ट्रेनिंगची गरज त्यासाठी होती. मुलाचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता, त्याने दिलेले कारण चुकीचे होते.

येथे पावसाळ्याचा मुद्दा येतो आणि या प्रकरणाचे मर्म मला त्यातच दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात चालणे थांबते एवढेच होत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत सुकट, सुके बांगडे, क्वचित खाडीचे मासे यांवर भागवले जाते. मग श्रावण येतो, आणि घरात चतुर्थीपर्यंत मासे शिजत नाहीत. या बाईंच्या घरी तर अंडेही वर्ज्य होते. मी त्यांच्याकडून श्रावणातल्या एका साध्या दिवसाचे जेवण लिहून घेतले : सकाळी घावणे आणि चहा, दुपारी उकड्या तांदळाचा भात, पातळ आमटी, एक भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री पुन्हा भात किंवा पेज. ढोबळ हिशेबाने त्यातून ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळत होती. वजन उतरवताना स्नायू टिकवायचा असेल तर त्यांना ६० ग्रॅम तरी हवी होती. उरलेल्या आठ महिन्यांत, बांगडा किंवा मांदेली ताटात असलेल्या दिवशी, त्या या आकड्याच्या बऱ्याच जवळ जात असत, कारण शंभर ग्रॅम बांगड्यातच १९-२० ग्रॅम प्रथिने असतात.

म्हणजे शरीराची हालचाल ज्या महिन्यांत सर्वांत कमी, नेमक्या त्याच महिन्यांत प्रथिनेही सर्वांत कमी. हिवाळ्यात चालून ३ किलो जाताना त्यात थोडा स्नायूही गेला असणार, आणि पावसाळ्यात ३ किलो परत येताना मुख्यतः चरबी आली असणार. काटा दर चतुर्थीला ७१ दाखवत होता, पण ते ७१ दोन वर्षांपूर्वीचे नव्हते. कंबर वाढली होती, साडीचे ब्लाऊज उसवून घ्यावे लागले होते आणि खुर्चीवरून उठणे जड झाले होते. दरवर्षी वजन उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा ते ७१ वरच स्थिर राहिले असते तर कदाचित बरे झाले असते, इतपत मी त्यांना सांगितले. हे ऐकून त्यांना वाईट वाटले, पण मला ते दडवून ठेवणे योग्य वाटले नाही.

यावर त्यांनी एक रास्त आक्षेप घेतला. पाणी भरणे, नारळ सोलणे, काजूच्या दिवसांत बागेत वाकून बिया गोळा करणे, ही कामे काय ताकदीची नाहीत? ती आहेतच, आणि ती करणाऱ्या बायका शहरातल्या बायकांपेक्षा अनेक बाबतींत काटक असतात. परंतु रोज तेवढाच भार उचलला तर शरीर त्याला सरावते आणि आणखी ताकद कमावण्याचे त्याला कारण राहत नाही. स्ट्रेंथ ट्रेनिंगचा गाभा भार हळूहळू वाढवत नेण्यात आहे, आणि घरकामात भार कोणी मोजून वाढवत नाही. शिवाय त्यांच्या घरी आता नळ आहे, मिक्सर आहे, आणि दिवसातले आठ तास पतसंस्थेच्या खिडकीमागे बसून जातात.

आम्ही ठरवले ते असे. चालणे सोडायचे नाही, पण आठवड्यातून सहाऐवजी चार दिवस, आणि किनाऱ्याच्या उतरत्या वाळूऐवजी सपाट रस्त्याने, कारण उतरत्या वाळूवर एक पाय सतत खाली पडतो आणि दुखऱ्या गुडघ्याला ते सोसत नाही. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरीच अर्धा तास ताकदीचे व्यायाम, पुढे जमल्यास तीन दिवस. वेंगुर्ल्यात जिम आहेत, पण तेथे जाण्याचा त्यांना संकोच वाटत होता आणि त्या संकोचावर मात करण्यात दोन महिने घालवावेत असे मला वाटले नाही. खुर्चीवरून उठणे-बसणे, जांभ्या दगडाच्या एका पायरीवर चढणे-उतरणे, भिंतीला हात टेकून शरीर ढकलणे, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, आणि पाच लिटरचे दोन कॅन भरून पडवीत येरझाऱ्या घालणे. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत, आणि बारा वेळा सहज जमू लागले की भार वाढवायचा. भार उचलताना श्वास रोखायचा नाही, हे मी वारंवार बजावले. खुर्चीवरून उठणे सोपे झाले की छातीशी तांदळाची पिशवी धरायची, आधी दोन किलोंची, मग पाच.

आहारात भात बंद करण्याचा विचारही मी केला नाही, कारण भात बंद करायला सांगितलेला माणूस आपल्याकडे फार दिवस तग धरत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या भातातून मिळून ६० ग्रॅम तांदूळ कमी केला आणि चार कप चहातली साखर निम्म्यावर आणली. एवढ्याने दिवसाला तीनशेच्या आसपास कॅलरी वाचतात, म्हणजे पाऊण तास चालण्याच्या दुपटीहून अधिक. भाताची जागा रिकामी ठेवली नाही : माशांच्या दिवशी तळलेल्या तुकडीऐवजी कढीत दोन तुकड्या, शाकाहारी दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ किंवा घट्ट कुळथाची पिठी, आणि संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. कुळथात शंभर ग्रॅममागे २०-२२ ग्रॅम प्रथिने असतात. हे धान्य आपल्याच मळ्यांत पिकते आणि तरीही गरिबाचे म्हणून मागे पडत चालले आहे, याची मला खंत वाटते.

तिसऱ्या आठवड्यात वजन ७१.८ भरले. त्या घाबरल्या, आणि मुलाने फोनवर, तो स्नायू आहे, असे सांगून त्यांचे समाधान केले. तीन आठवड्यांत इतका स्नायू येत नाही. नव्या व्यायामाने थकलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात, त्याचे ते वजन होते, आणि ते पुढच्या काही आठवड्यांत ओसरले. या कारणासाठीच मी रोज काट्यावर उभे राहण्यास मनाई केली आणि महिन्यातून एकदा वजन, कंबरेचा टेप आणि खुर्चीची चाचणी एवढेच मोजायचे ठरवले. चरबीची टक्केवारी दाखवणारी घरगुती यंत्रे शरीरातील पाण्यावर इतकी अवलंबून असतात की या आठवड्यांत त्यांनी गोंधळच वाढवला असता.

डिसेंबरनंतर उतार दिसू लागला. जत्रांच्या दिवसांत तो मंदावला, मे महिन्यात पाहुणे आणि आंबे यांमुळे पूर्ण थांबला, पण मेअखेर वजन ६६.३ होते. खुर्चीचा आकडा १३ वर गेला होता आणि पाखाडी उतरताना कठड्याला धरणे सुटले होते. येथवरचे फळ मागच्या दोन वर्षांपेक्षा चांगले होते, तरी खरी कसोटी जूननंतर होती.

पावसाळ्यात ताकदीचे व्यायाम जसेच्या तसे चालू राहिले, कारण त्यांना पडवी आणि खिडकी एवढेच लागत होते. घरात शिरून करता येईल असा व्यायाम हाताशी असणे, हे कोकणात स्ट्रेंथ ट्रेनिंगच्या बाजूने जाणारे फार मोठे कारण आहे, आणि पुण्या-मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत त्याचा विचार होत नाही. चालण्याची सोय वेगळी करावी लागली. पाखाड्यांवर शेवाळ धरलेले असते, तेथे पाय घसरून मनगट मोडण्याचा धोका पाळी गेलेल्या बाईने पत्करू नये. म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे पडवीतच येरझाऱ्या ठरवल्या. जेवणानंतर चालल्याने त्या जेवणाची साखर कमी चढते, आणि एचबीए१सी ६.१ असलेल्या व्यक्तीला ही गोष्ट वजनाइतकीच महत्त्वाची आहे. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीवरही कार्डिओचा परिणाम वजने उचलण्यापेक्षा अधिक दिसलेला आहे. चालणे सोडू नये, यावर मी अडून राहण्याचे हेही एक कारण होते. श्रावणात अंडे-मासे नव्हते, पण कुळीथ, वाटाणे, दही आणि शेंगदाणे यांतून प्रथिने बहुतेक दिवशी पन्नाशी ओलांडत होती. साठचा आकडा गाठला असे मी म्हणणार नाही.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात वजन ६५.६, कंबर ८७, खुर्चीवरून उठणे १५ वेळा आणि एचबीए१सी ५.८ होते. वर्षभरात साडेपाच किलोंच्या आसपास घट, ही कोणाला थोडी वाटेल. परंतु पावसाळ्यात वजन वाढण्याऐवजी सातशे ग्रॅमनी कमी झाले, ही गोष्ट मागच्या दोन्ही वर्षांत घडली नव्हती. यातला वाटा कशाचा किती, हे एका व्यक्तीवरून वेगळे काढता येणार नाही. माझा अंदाज असा की वजनातली आणि कंबरेतली बरीचशी घट आहाराने झाली, साखर उतरण्यात चालण्याचा हात मोठा होता, आणि गुडघा व खुर्चीवरून उठणे यांचे श्रेय प्रामुख्याने ताकदीच्या व्यायामांना द्यावे लागेल.

हाच निर्णय सर्वांना लागू करू नये. जो तिशीतला माणूस दिवसभर बागेत चढउतार करतो आणि ज्याच्या मांड्या भक्कम आहेत, त्याला मी आधी आहार आणि चालणे सांगेन. ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा जो मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेतो, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय भार वाढवू नये. ज्याला आठवड्यात एकूण दोनच तास मिळतात, त्याने मात्र ते सर्व चालण्यात घालवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितलेले आहेत. व्यवहारात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिला भाग येतो आणि दुसरा राहून जातो.

या बाईंचा उजवा गुडघा लांबच्या उतारावर अजून दुखतो. त्यासाठी पायरीवरून एका पायाने सावकाश खाली येण्याचा व्यायाम वाढवला आहे, आणि गणपतीत फुगड्या घालायच्या तर बसफुगडी टाळून उभ्याच घालाव्यात असे सांगितले आहे. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे, तोवर गोळी सुरू करू नये असे डॉक्टरांचेही मत आहे. तांदळाची पिशवी सध्या आठ किलोंची आहे.